पहिल्या मीटिंगला जाताना : बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

दारू सोडायचीय, निदान सोडावी का असा विचार मनात घोळायला लागलाय, पण दारू सोडणाऱ्यांच्या गटात जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, अशांसाठी हे लिहितोय. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईकडची माहिती अर्धीच उपयोगी पडते. कुठल्या दवाखान्यात जायचं, तिथं कुठल्या भाषेत बोलतील, संध्याकाळची मीटिंग संपल्यावर गावाकडं एसटी मिळेल का, हे आपले प्रश्न.

बाटली आपल्याकडं चहूबाजूंनी येते. कर्नाटकातलं नव्वद मिलीचं टेट्रा पॅक आहे, चोर्ला घाट चढून येणारी गोव्याची स्वस्त बाटली आहे, आणि घरात निवृत्त फौजी असेल तर कॅन्टीनचा कोटा आहेच. पण मदत शोधायची वेळ आली की माणूस आपल्या गल्लीपुरतं बघतो आणि "आपल्याकडं असलं काही नाही" म्हणून मोकळा होतो. प्यायला सीमेपलीकडच्या शिनोळीला जाणारा माणूस न पिण्यासाठी तेवढंच अंतर जायला का कचरतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आधी डॉक्टर, मग गट

इथं बरेच जण उलटं करतात. जोशात येऊन "उद्यापासून बंद" म्हणतात आणि परवा दवाखान्यात पोचतात. कधीमधी पिणाऱ्याचं ठीक आहे. पण रोज पिणारा, त्यातही सकाळी हात थरथरतात म्हणून तोंड धुवायच्या आधी एक घोट घेणारा, त्यानं एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांनी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दाराशी उभी दिसतात, आपण कुठं आहोत ते कळत नाही, अंग तापतं. यात माणूस जातो. खेड्यात याला "बाहेरचं लागलंय" म्हणतात आणि देवऋष्याकडं नेण्यात रात्र घालवतात. तसं करू नका, १०८ ला फोन लावा. खोलीत कोंडून "उतरेल दोन दिवसांत" म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही हेच सांगणं.

डॉक्टरकडं गेल्यावर खरं बोला. रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या घेता का, एवढं सांगितलं तरी पुरे. तीन क्वार्टर पिणारा "दोन पेग घेतो" म्हणतो आणि मग औषधाचा डोस कमी पडतो. पहिल्या आठवड्यात थरथर आणि फिट आवरणारी औषधं देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. जास्त पिणाऱ्याच्या अंगात ते संपलेलं असतं आणि त्याअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक सलाईन लावून घेतलं म्हणजे हे काम झालं असं समजू नका.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयातही आहे. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे, किचकट केस तिकडं पाठवतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य योजनेखाली ठराविक मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्याचा मंगळवार कुठला ते केसपेपरच्या खिडकीवर विचारून घ्या. माजी सैनिकांनी ईसीएचएसच्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी. मराठा सेंटरचं, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं, गाव आपलं, त्यामुळे तिथल्या डॉक्टरला हे दुखणं नवीन नाही.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्राबद्दल एक इशारा. रात्री गाडी घेऊन येतो, चौघं धरून उचलून नेतो, तीन महिने कुणाला भेटू देत नाही, असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक आजार येतात, आणि त्या कायद्यानं रुग्णाला गुप्ततेचा आणि माणुसकीच्या वागणुकीचा हक्क दिलाय. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे का, डॉक्टर किती वेळा येतात, घरच्यांना कधी भेटता येतं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला तर दुसरं केंद्र बघा.

कुठले गट असतात

सगळ्यात पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, आपल्याकडं नुसतं ए.ए. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघंही पक्के पिणारे, आणि दोघांच्या लक्षात आलं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहिलं की आपलं पिणं थांबतं. तेवढ्यावर हे सगळं उभं आहे. भारतात १९५७ पासून चालतं, मुख्य कार्यालय मुंबईत आहे. सभासद व्हायची अट एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. मीटिंगमध्ये एक डबा किंवा पिशवी फिरते, त्यात चहा-भाड्यापुरतं ज्यानं त्यानं टाकायचं. नवीन माणसाला कुणी आग्रह करत नाही. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेत नाहीत. मीटिंग चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत असली तरी त्याचा धर्माशी संबंध नसतो, जागा मिळाली एवढंच. ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या त्यांच्या कार्यक्रमात, ईश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा उमगला तसा. नास्तिकही येतात, आणि वाद न घालता बसतात.

दुसरा मार्ग खास कर्नाटकातला. धर्मस्थळ ग्रामविकास योजनेची मंडळी गावोगाव मद्यवर्जन शिबिरं घेतात. आठवडाभर एखाद्या कार्यालयात राहायचं, सकाळी योगासनं, मग औषधं, समुपदेशन, भजन. शिबिर संपल्यावर तिथून बाहेर पडलेल्यांची नवजीवन समिती होते आणि ते ठराविक दिवशी भेटत राहतात. कारभार कन्नडमध्ये चालतो, पण शिबिरात मराठी माणूस अडत नाही. या योजनेचे बचत गट तुमच्या गावात असतील तर घरातल्या बाईला बहुधा सेवाप्रतिनिधी ठाऊक असतो. जवळपास शिबिर कधी आहे ते त्याच्याकडून कळेल.

महाराष्ट्रातल्या केंद्रात राहून आलेल्यांना, उदाहरणार्थ १९८६ पासून चालणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगणमधून, त्या केंद्राचा पाठपुरावा असतो. तो टाळू नका. घरी परतल्यावर "आता मी बरा झालो" म्हणून तिथला फोन न उचलणारा माणूस सहसा पुन्हा पिणाऱ्यांत दिसतो.

आणि माळ. तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. माळेमागं भजनी मंडळ असतं, दिंडी असते, एकादशीला कोण आलं नाही ते बघणारी माणसं असतात. हाही एक गटच झाला की. फक्त माळ घालायच्या आदल्या दिवशीपर्यंत ज्याला फिट येत होती त्यानं डॉक्टर चुकवू नये. माळ घालून मीटिंगला येणारे पुष्कळ असतात. एकामुळं दुसरं बाटत नाही.

पत्ता मिळवायचा कसा

फोनपासून सुरुवात करा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ म्हणजे टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास चालते, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं. दोन्हीकडं नाव सांगायची सक्ती नाही. ए.ए.चा जवळचा गट हवा असेल तर ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर शहरानुसार यादी असते, तिथं नाहीतर मुंबईच्या कार्यालयात विचारा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समुपदेशकाला विचारलं तरी बहुतेक वेळा पत्ता मिळतो, कारण ए.ए.ची माणसं तिथं अधूनमधून येऊन जातात.

बोलायचं काय, म्हणून कुणी अडतं. एवढं पुरे:

"नमस्कार, मी बेळगावकडून बोलतोय. दारूसाठी मीटिंगचा पत्ता पाहिजे होता."

"हां मामा, बोला की. कुठल्या गावचे तुम्ही?"

"खानापूरकडचा. पण खानापुरात नको."

"समजलं. किती वाजेपर्यंत थांबता येतं तुम्हाला?"

तुमच्यासारख्या "गावात नको" म्हणणाऱ्यांचा फोन त्यांना सवयीचा आहे. वार, वेळ, जागेची खूण, मीटिंग कुठल्या भाषेत, आणि दारात भेटेल अशा माणसाचा नंबर, एवढं कागदावर लिहून घ्या. फोन करताना प्यायलेले असलात तरी ते बोलतील, पण सकाळी पत्ता आठवणार नाही, म्हणून कागद. आणि निघायच्या दिवशी दुपारी पुन्हा एकदा विचारा. शाळेची खोली परीक्षेत जाते, गणपतीत हॉल जातो, मीटिंग दुसरीकडं हलते, आणि दाराला मोठी पाटी नसते. बंद दारापुढून परतलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही असा माझा अनुभव आहे.

ओपन मीटिंग की क्लोज्ड, तेही विचारा. ओपनला बायको, भाऊ, मित्र कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा कुणाला सोबत न्यायचं असेल तर ओपन बघा.

ओळखीची भीती आणि भाषेची

खरी अडचण ही आहे. अंतर हे सांगायला बरं पडणारं कारण.

वडगाव-शहापूरसारख्या भागात सगळे सगळ्यांना ओळखतात. येळ्ळूरचा माणूस टिळकवाडीत कुठल्या जिन्यानं वर गेला ते रात्री जेवायच्या आत घरी कळतं. मास्तर असेल, उद्यमबागच्या कारखान्यात फोरमन असेल, सोसायटीचा चेअरमन असेल तर विचारूच नका. यावर दोन गोष्टी सांगतो. पहिली, तुम्ही पिता हे गावाला आधीच माहीत आहे. गुपित राहिलंय ते फक्त तुमच्या मनात. दुसरी, मीटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटलंच तर तोही त्याच कारणानं आलेला असतो. इथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा तिथला पहिला नियम, आणि तो पाळला जातो कारण प्रत्येकाचं काहीतरी त्या खोलीत ठेवलेलं असतं.

तरीही पाय उचलत नसेल तर सीमा ओलांडा. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. तिथं तुम्हाला कोण ओळखणार? हुक्केरी-संकेश्वरकडच्या गावांना गडहिंग्लज जवळ पडतं. खानापूर-जांबोटीची कितीतरी पोरं गोव्यात कामाला असतात, आणि गोव्यात ए.ए.चे गट बरेच आहेत, कोकणी-इंग्रजीतले असले तरी मराठी माणसाला ऐकून समजतात. पहिल्या चार-सहा मीटिंग परमुलखात करून धीर आल्यावर बेळगावात येऊन बसणारे असतात, त्यात कमीपणा काही नाही.

ऑनलाइन मीटिंगही आहेत, मराठीतल्यासुद्धा. रात्रीची एसटी चुकते अशा गावातल्या माणसाला त्याच बऱ्या. आत जाण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव बदला, नाहीतर पोराच्या शाळेच्या अकाउंटवरचं अख्खं नाव सगळ्यांना दिसतं. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. पण नुसत्या ऑनलाइनवर राहू नका. समोर बसलेल्या माणसाला तुमच्या तोंडाचा वास येतो, पडद्याला येत नाही.

भाषेचं म्हणाल तर आपल्याकडच्या मीटिंगमध्ये मराठी, कन्नड, हिंदी अशी खिचडी चालते. कन्नडमध्ये बोलणाऱ्याचं निम्मं कळलं नाही तरी बसून राहा. बायकोचं मंगळसूत्र विकून प्यायल्याचं कुणी सांगतं तेव्हा शब्द अडले तरी ते कळतं. तुम्ही बोलाल तेव्हा मराठीतच बोला. इथं भाषेवरनं बाहेर कितीही तापलेलं असो, दारूच्या मीटिंगमध्ये मला तरी त्यावरनं कुणी टोकलेलं नाही. दवाखान्यातले बोर्ड आणि केसपेपर कन्नडमध्ये असतात, त्यासाठी कॉलेजात जाणारं एखादं पोर सोबत घ्या; त्याला कन्नड सक्तीनं आलेलं असतं, एकदा तरी कामी येईल.

पहिल्या दिवशी काय होतं

दहा मिनिटं आधी जा. उशिरा गेलं की सगळ्या माना वळतात आणि तेवढ्यानं धीर सुटतो. खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला किंवा टेबलाला अडकवलेला बारा पायऱ्यांचा कापडी फलक, कोपऱ्यात थर्मास आणि पार्लेचा पुडा. दाराजवळचा कुणीतरी हात पुढं करतो, नाव विचारतो. पहिलं नाव सांगा. आडनाव, गाव, नोकरी काही सांगायची गरज नाही. सकाळपासून प्यायला नसाल तर उत्तम. प्यायला असाल तर गप्प बसून ऐका, कुणी हाकलणार नाही.

सुरुवातीला थोडं मौन, प्रार्थना, मग कुणीतरी ठरलेला मजकूर वाचतो. त्यानंतर शेअरिंग. एकेक जण "मी अमुक, मी मद्यपी" म्हणून सुरू करतो आणि पाच-सात मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. भाषणाची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे फार जड जातं. कुणी गाडी वळवून राजकारणावर नेली तर मीटिंग चालवणारा टेबलावर हळूच टिचकी मारतो. तुमच्याकडं नजर आली तर "आज फक्त ऐकायला आलोय" एवढं म्हणा, पुढं सरकतात. तास-दीड तासात आटोपतं. कुणाला दारू सोडून वर्ष झालेलं असेल तर टाळ्या, पदक, कधी केकसुद्धा.

खरं काम संपल्यानंतरच्या चहात होतं. तेव्हा पळू नका. बाहेर मोटरसायकलींपाशी उभं राहून दोन-तीन जणांचे नंबर घ्या. बाईमाणूस असाल तर बायकांचे नंबर मागा. आपल्याकडं मीटिंगमध्ये बायका कमी दिसतात, पण पिणाऱ्या बायका कमी आहेत असं नाही. बायकांची वेगळी ऑनलाइन मीटिंग असेल तर हेल्पलाइनवर विचारा.

पहिली मीटिंग आवडली नाही म्हणून ठरवून टाकू नका. गट गटासारखा नसतो. कुठं दोन म्हातारे बोलत बसतात, कुठं तरुण पोरं असतात. निदान सहा मीटिंग, आणि जमलं तर दोन वेगळ्या ठिकाणी, मग काय ते बोला.

पहिले तीन महिने

ए.ए.मध्ये नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग अशी पद्धत सांगतात. मुंबईत जमतं. आपल्याकडं आठवड्याला एक-दोन प्रत्यक्ष मीटिंग, बाकी दिवशी ऑनलाइन किंवा कुणाला तरी फोन, असं बसवा. स्पॉन्सर म्हणजे आधी सोडलेला, तुमची विचारपूस करणारा माणूस. घाईनं धरू नका, आणि जो पैसे उसने मागतो किंवा जमिनीचा धंदा सांगतो त्याला अजिबात धरू नका. पुरुषानं पुरुषाला, बाईनं बाईला, हा संकेत पाळा.

धोक्याचे दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पगार, उसाचं बिल, शिवजयंतीची मिरवणूक, गणपती विसर्जनाची रात्र, गावची जत्रा. जत्रेत पाहुणे येतात, मटण शिजतं, आणि "आज एक दिवस घे की रे" म्हणणारा सख्खा मेहुणाच असतो. त्याला उत्तर आधी ठरवून ठेवा. "डॉक्टरनं लिव्हर खराब सांगितलंय" हे आपल्याकडं चालतं, पुढं वाद होत नाही. जेवून लवकर उठा, रात्री झोपायला दुसरीकडं जा. आणि त्या दिवशी दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा गटातल्या माणसाला फोन.

घसरलात तर, म्हणजे प्यायलात तर, पुढच्याच मीटिंगला जा. याला ते स्लिप म्हणतात आणि त्याचा तमाशा करत नाहीत. फक्त बरेच दिवस सलग प्यायला असाल तर पुन्हा बंद करताना डॉक्टर आधी.

घरच्यांसाठी

वैनी, आई, पोरं, हे तुमच्यासाठी. "त्याला न कळता चहात मिसळा" म्हणून मिळणारी पुडी किंवा गोळी आणू नका. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम उतरतो, आणि माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण तपासण्या करून, आणि पिणाऱ्याला पूर्ण सांगून.

तुमचाही गट आहे, अल-अनॉन. १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या बायकांनी सुरू केला, तरुण मुलांसाठी त्यातच अलाटीन आहे. नवरा मीटिंगला जात नसला तरी तुम्ही जाऊ शकता. ऑनलाइन मीटिंग आहेत, दुपारच्या वेळच्याही, स्वयंपाक आवरून बसता येईल अशा. तिथं नवऱ्याला कसं सुधारावं हे शिकवत नाहीत. त्याची बाटली शोधणं, मालकाला फोन करून "ताप आलाय" सांगणं, उधारी फेडत बसणं, हे थांबवायचं कसं ते आधीच्या बायका सांगतात. मारहाण होत असेल तर मात्र गटाची वाट बघू नका; ११२ पोलिसांचा, १८१ महिलांसाठीचा नंबर, दोन्ही फोनमध्ये दुसऱ्या कुठल्या तरी नावानं साठवून ठेवा.